खान्देशात चित्राला जागा कशी शोधायची? बाहेर बसून रंगवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मुलं शिकायला पुण्याला गेली आणि पंचवीस वर्षांनी मी रंगपेटी माळ्यावरून खाली काढली. आम्ही भुसावळचे, नवरा रेल्वेत. घरात बसून फुलदाण्या रंगवण्याचा कंटाळा आला तेव्हा ठरवलं की बाहेर जायचं. पहिल्याच रविवारी मनुदेवीला गेले, कारण जळगाव जिल्ह्यात निसर्ग म्हटलं की दहातले आठ जण तेच नाव घेतात. ऑगस्ट महिना होता. धबधबा कोसळत होता, गर्दी होती, सेल्फी होत्या, आणि माकडं तर होतीच. दोन तासांत कागदावर हिरवा चिखल झाला आणि पोळ्यांचा डबा माकडाने नेला. घरी चित्र पाहून सासूबाई म्हणाल्या, "हे शेवाळ का काढलंस गं?"

गंमत अशी, की परतताना यावलच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. टपरीमागे केळीची बाग, कडेने ओली गाडवाट आणि मागे निळा सातपुडा. तिथे वीस मिनिटांत पेन्सिलीने काढलेलं टिपण मी अजून जपून ठेवलं आहे. फिरायला जायची जागा वेगळी आणि रंगवायला बसायची जागा वेगळी, हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. मी जलरंगात काम करते, त्यामुळे उदाहरणं तिकडची येतील. तैलरंगवाल्यांनी आपापला हिशोब लावून घ्यावा.

१. आधी दिशा समजून घ्या

खान्देश म्हणजे दोन भिंतींमधला लांबट चौक. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी तापी. शाळेत हे पाठ केलेलं असतं, पण चित्र काढणाऱ्याला त्याचा उपयोग काय, ते कुणी सांगत नाही.

उपयोग असा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात उभं राहून उत्तरेला पाहिलंत, तर सातपुड्यावर ऊन तुमच्या पाठीमागून थेट पडतं. दुपारी तो डोंगर सपाट दिसतो, पुठ्ठा कापून लावल्यासारखा. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर ऊन बाजूने आलं, की प्रत्येक घळ आणि सोंड सुटी होते. उलट चाळीसगाव, पाचोरा, जामनेरकडून दक्षिणेचे डोंगर पाहाल, तर ऊन डोंगरामागून येतं. तपशील दिसत नाही, एकामागे एक निळ्या-करड्या पट्ट्या दिसतात. नवख्याला या पट्ट्या सोप्या जातात. मी स्वतः सुरुवात सातपुड्यापासून केली आणि वर्षभर हातात पुठ्ठाच आला. तुम्ही दक्षिणेच्या डोंगरांपासून करा.

तापीचंही तसंच. नदी पश्चिमेला वाहते, म्हणून संध्याकाळी प्रवाहाच्या दिशेने पाहाल तर सूर्य आणि त्याची चमक थेट डोळ्यांत येते. देखावा भारी, पण रंगवता येत नाही. पाणी रंगवायचं असेल तर संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून बसा आणि सकाळी पश्चिमेकडे.

डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या जरा आधी मावळतो. जूनमध्ये पावणेसहा-सहा ते सात वाजून दहा मिनिटं. कामाचं ऊन यातलं पहिलं दोन तासांचं आणि शेवटचं दोन तासांचं. मधल्या वेळात भाकरी खावी.

२. हंगाम निवडा, नुसता पावसाळा धरून बसू नका

"हिरवं असेल तेव्हाच चित्र" हा गैरसमज सगळ्यांत आधी सोडा. आमच्याकडचा हिरवा रंग जुलै-ऑगस्टमध्ये सगळीकडे एकच असतो आणि वर आभाळ झाकलेलं, म्हणून सावली नाही. ते जमवायला हात बसलेला लागतो.

सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत हवा धुतलेली असते. सातपुडा इतका जवळ येतो, की हात लावावासा वाटतो. गवत पिवळं पडू लागतं आणि हिरव्याला जोडीदार मिळतो. याच सुमारास कपाशी फुटू लागते. बोंडांचा पांढरा म्हणजे कागदाचा कोरा भाग. तो आधी राखून ठेवावा लागतो, नंतर पांढरा रंग थापून उपयोग होत नाही. जानेवारीत दादर ज्वारी उभी असते आणि सकाळच्या गारठ्यात नदीकाठी हलकं धुकं असतं.

माझा सगळ्यांत आवडता महिना मात्र मार्च, आणि त्यावर घरी वाद होतात. सातपुड्याच्या पायथ्याचा साग तोवर पानं टाकून मोकळा झालेला असतो. सगळा डोंगर तपकिरी-जांभळट, आणि त्यात मध्येच पेटलेला पळस. होळीच्या आसपास चोपडा-यावल रस्त्यावरून उत्तरेला नजर टाका. काटेसावर त्याच्या थोडी आधी फुलते. पानं नसल्यामुळे जमिनीचा उतार आणि झाडाचा सांगाडा उघडा दिसतो, चित्रकाराला आणखी काय हवं?

एप्रिल-मेमध्ये धुळीने डोंगर गायब होतात आणि पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा सकाळी सहा ते आठ, तेही घराजवळ. हट्ट करू नका.

३. जागा

केळीचा पट्टा : सावदा, फैजपूर, रावेर, यावल. घराजवळचा, म्हणून हक्काचा. पण केळीच्या बागेसमोर जाऊन बसलात तर समोर हिरवी भिंत असते, बाकी काही नाही. बागेची कड शोधा. दोन बागांमधली गाडवाट, विहिरीचं मोकळं आवार, नुकतीच कापणी झालेला तुकडा, किंवा घड वाहणारा ट्रॅक्टर उभा आहे ती जागा. सकाळचं ऊन पानाच्या मागून येईल असे बसा. पान पोपटी-पिवळं पेटतं आणि त्यावर पुढच्या पानाची सावली स्पष्ट उमटते. सावधान, केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. माझ्या दोन साड्या त्यात गेल्या. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका, स्टूल तर मुळीच ठेवू नका.

चांगदेव आणि हतनूर. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापी आणि पूर्णेचा संगम आहे. काठावर जुनं दगडी मंदिर आणि समोर हतनूर धरणाच्या फुगवट्याचं अफाट पाणी. इथे आडवा कागद घ्या आणि आकाशाला दोनतृतीयांश जागा द्या. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, पण ते ठिपक्यांएवढेच दिसतील आणि चित्रात तेवढेच बरे. धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की खालच्या अंगाचं नदीपात्र बघता बघता भरतं. धरणाखाली पात्रात उतरून बसायचं नाही, कितीही सुंदर खडक दिसला तरी.

पाल. रावेर तालुक्यातलं, सातपुड्याच्या कुशीतलं. सुकी नदी आणि तिच्यावरचं गारबर्डी धरण जवळच आहे. इथे माझा सल्ला एवढाच, की डोंगर काढायला जाल पण पाड्यावरची घरं काढून या. कुडाच्या भिंती, उतरती छपरं, अंगणात वाळत घातलेलं काहीबाही. पाड्यावर गेल्यावर आधी बोला, मग पेन्सिल काढा.

पाटणादेवी. चाळीसगावपासून १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्यात. तिन्ही बाजूंनी कडे, मध्ये मंदिर. लोक केदारकुंडाच्या धबधब्याकडे धावतात, तुम्ही मंदिराच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत थांबा. सुरुवातीला वर्णन केलेल्या त्या निळ्या-करड्या पट्ट्या इथे सगळ्यांत चांगल्या दिसतात. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. चाळीसगावला गेलातच तर रेल्वे स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर पाहून घ्या, आता ते संग्रहालय आहे. छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार, आणि जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. टेबलावर मांडामांड करून त्यांनी डोंगर, रस्ते, हिमवर्षाव उभे केले. पायपिटीचा कंटाळा आला की मला ते आठवतात आणि जरा राग येतो.

धुळे, साक्री, नंदुरबारच्या दगडी भिंती. या जागेबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा जास्त लिहिते. सुरतेच्या गाडीने किंवा साक्रीच्या रस्त्याने जाताना सपाट माळावर मध्येच लांबच लांब, सरळ रेषेत गेलेल्या अरुंद टेकड्या दिसतात. कुणी तट बांधून अर्धवट सोडावा तशा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांना भेगा पडल्या, त्यांत खालून रस शिरून थिजला. हा दगड आजूबाजूच्या दगडापेक्षा चिवट निघाला. भोवतालचं झिजून गेलं आणि या भिंती उरल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात.

चित्रकारासाठी गंमत ही, की त्या बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे भिंतीची उत्तरेची बाजू बराच वेळ सावलीत राहते. एरवी बाहेर बसलं की सावल्या धावत असतात आणि नवख्याची त्रेधा उडते. इथे सावली थांबते. भिंतीच्या उत्तरेला, थोडं तिरकं बसा. समोर थंड जांभळट सावली, पायाशी उन्हातलं पिवळं गवत. तीन तास निवांत मिळतात. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर चढून आजूबाजूचा माळ आधी न्याहाळून घ्या. मुंबई-आग्रा रस्ता पायथ्यावरूनच जातो, त्यामुळे पोचायला त्रास नाही.

तोरणमाळ. शहाद्याहून घाट चढून. उंची सुमारे ११५० मीटर, म्हणून तापीकाठापेक्षा सहा-एक अंश गार. यशवंत तलाव सगळे काढतात, काढा. सीताखाईच्या कड्यावरून मात्र खोली रंगवायची असते. पुढचा खडक गडद आणि तपशिलाचा, तळ फिका, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. एका दिवसात जाऊन येऊ नका, घाटात गाडी चालवूनच दमाल. मुक्काम करा.

प्रकाशा या गावचे तापीकाठचे घाट आणि पद्मालयाचं कमळांचं तळं चांगलं आहे, यात्रेचे दिवस टाळून. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. तिथे स्केचबुक न्या, रंग नको. घोडे एका जागी उभे राहत नाहीत आणि माणसं तुमच्या पाठीशी उभी राहतात.

४. पहिल्या फेरीला रंग नेऊ नका

हे कुणीच ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. नव्या जागी पहिल्यांदा नुसतं स्केचबुक, पेन्सिल आणि एक खिडकी घेऊन जा. खिडकी म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेत कापलेला चौकोन, तुमच्या कागदाच्याच प्रमाणात. एक डोळा मिटून तिच्यातून बघत फिरायचं. समोरचं सगळं खान्देश कागदावर मावणार नाही हे ती लगेच सांगते.

स्केचबुकात प्रत्येक जागेसाठी एवढं लिहा: उत्तर कुठे आहे, आत्ता किती वाजले, ऊन कुठून येतंय, मला बसायला सावली कुठे आणि ती किती वाजेपर्यंत. मग एका वाक्यात, मला इथे काय आवडलं. "छान आहे" चालणार नाही. "विहिरीच्या काळ्या तोंडाशेजारी पिवळा कडबा" असं लिहिता आलं तर पुढच्या वेळी रंग घेऊन या. नाही आलं तर जागा सोडा. मी दहा जागा पाहते तेव्हा दोन राहतात.

५. परवानगी आणि कागद

वावर कुणाचं तरी असतं. मालकाला, नाहीतर रखवालदाराला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. अमळनेरकडे एकदा एका आजोबांनी लांबूनच हाक दिली, "काय काढी ऱ्हायन्यात, ताई?" जमिनीची मोजणी चालली आहे असं त्यांना वाटलं होतं. चित्र दाखवल्यावर त्यांनी बैल कुठे उभा करू विचारलं. फवारणी चालू असेल तर मात्र नमस्कार करून निघून या, वाऱ्याच्या खालच्या बाजूला तर थांबूच नका.

जवळ ठेवायचे कागद:

- आधार कार्ड आणि त्याची एक झेरॉक्स
- गाडीची कागदपत्रं
- अभयारण्यात जाणार असाल तर नाक्यावरची प्रवेश पावती, बाहेर पडेपर्यंत
- वनविश्रामगृहात राहायचं असेल तर वनविभागाकडून आधी घेतलेलं आरक्षण
- चार-पाच जणांपेक्षा मोठा गट असेल तर नावांची यादी आणि एकाचा फोन नंबर

धरणाची भिंत, वीज केंद्र आणि रेल्वेची हद्द इथे चित्र काढायला बसू नका. एका पुलाजवळ मला अर्धा तास बसवून ठेवलं होतं. नवरा रेल्वेत आहे हे सांगून काही फरक पडला नाही, उलट त्यालाच बोलावणं गेलं. पूल लांबून काढा, चांगलाही दिसतो.

६. पिशवी

एका खांद्यावर मावेल तेवढंच. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, जलरंगाचा कागद, चौथाई आकारात कापून, प्लायच्या पाटीवर कागदी टेपने चिकटवलेला. दोन गोल ब्रश, एक चपटा. रंग सहा पुरतात: अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, एक थंड (लिंबाच्या छटेचा) पिवळा, बर्न्ट सिएना, एक लाल. काळा रंग घरी ठेवा. आपली काळी माती काळी नसतेच. वाळली की करडी, ओली झाली की चॉकलेटी-जांभळी, आणि ती अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून नेमकी निघते.

पाणी दोन बाटल्या रंगाला, दोन प्यायला, आणि त्यांच्यावर खूण करा. सांगण्याचं कारण विचारू नका. शिवाय घडीचं स्टूल, सुती फडकं, लहान फवारा, टोपी, पूर्ण बुटं, ओआरएसची पुडी.

छत्री काळी किंवा पांढरी घ्या. लाल-पिवळ्या छत्रीखाली कागदच लाल-पिवळा दिसतो आणि घरी गेल्यावर सगळे रंग चुकलेले निघतात. भडक साडी किंवा ओढणीचाही तोच त्रास. गॉगल रंगवताना काढून ठेवायचा.

७. नवख्याचे ठरलेले घोटाळे

उन्हात धरलेल्या कागदावर रंगवणं हा पहिला. डोळे दिपतात, म्हणून आपण रंग गडद लावत जातो. घरात आणलं की चित्र काळवंडलेलं. पाटी नेहमी स्वतःच्या सावलीत धरा.

दुसरा घोटाळा आपल्या हवेचा. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत आकाशाचा ओला हात दहा मिनिटं ओला राहतो. मार्चनंतर जळगावात तो मिनिटभरात वाळतो आणि मध्ये पट्टे पडतात. कागद मागून-पुढून भिजवून घ्या, तुकड्यातुकड्याने काम करा, अधूनमधून फवारा मारा. पावसाळ्यात उलटं, काहीच वाळत नाही. तेव्हा दोन लहान कागद आलटून पालटून घ्यावेत.

वारा सुटला की उभ्या स्टँडला पाण्याची बाटली टांगा. मी मांडीवरच पाटी घेते.

सावलीच्या मागे धावू नका. बसल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने बांधून टाका आणि नंतर सूर्य कुठेही जावो, त्याच ठेवा. मोबाईलवर एक फोटो काढून ठेवायला हरकत नाही, पण फोटोत सावली काळी येते आणि प्रत्यक्षात ती निळी असते.

बायकांसाठी वेगळं: एकटीने पहिल्यांदाच आडजागी जाऊ नका. मी सुरुवातीला शेजारणीला नेत असे, ती स्वेटर विणायची. कुठे आहे ते घरी कळवून ठेवा, डोंगरात रेंज जाते. सातपुड्यात आणि गौताळ्यात बिबट्याचा वावर आहे, तिथून दिवे लागणीच्या आत बाहेर पडा.

८. परत येताना

ओलं चित्र एस.टी.त नेण्यासाठी पिझ्झाचं रिकामं खोकं उत्तम. पाटी आत सपाट बसते आणि वर कुणी पिशवी ठेवली तरी कागदाला लागत नाही. रंगाचं पाणी विहिरीत किंवा पाटात ओतू नका, बाटलीत भरून घरी आणा. चित्राच्या मागे जागा, तारीख, वेळ आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहा. त्याच जागी दोन महिन्यांनी जायचं झालं की याच चार ओळी कामाला येतात. माझ्याकडे यावलच्या त्या टपरीमागच्या गाडवाटेची आता अकरा चित्रं आहेत. टपरीवाला मला बघितलं की न विचारता स्टूल बाहेर काढतो. चहाचे पैसे मात्र घेतो.